जुन्या रायपुरात पायी पायी

इस्तंबूलला जाऊन आलेले लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे तिथल्या मशिदी आणि दुसरी म्हणजे तिथला वाटाड्या. तुर्कस्तानात वाटाड्याचे काम हौसेखातर कुणीही करू शकत नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना घ्यावा लागतो आणि तो नसताना कुणी पर्यटकांना फिरवू लागला तर तो गुन्हा ठरतो. सकाळी सुलतान अहमद चौकात दहा-पंधरा जणांचा घोळका जमतो, वाटाडा पुढे होतो आणि दोन-तीन तासांत दीड हजार वर्षे पायाखालून जातात. आपल्याकडे अहमदाबादने असा पायंडा पाडला. १९९७ सालापासून तिथे महापालिकेच्या पुढाकाराने सकाळची फेरी निघते. ती काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून सुरू होते आणि पोळांच्या बोळकांड्यांतून जामा मशिदीपाशी संपते. पुढे २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. त्यात या पायी फेरीचाही वाटा आहे, असे मला वाटते. ज्या वाड्यापुढे रोज चार परकी माणसे थांबून वर बघतात, तो वाडा पाडताना मालकाचा हात थोडा तरी अडखळतो!

आता रायपूर. नागपूरहून गाडीत बसलात की चार-पाच तासांत तुम्ही इथे पोचता. बहुतेक मराठी कुटुंबे इथे येतात ती लग्नाकार्याला, नाहीतर सिरपूरला किंवा बस्तरला जाताना वाटेत एक रात्र काढायला. शहर बघायचे ते रिक्षातून, मॉल आणि उड्डाणपूल एवढेच. खरे तर एक सकाळ राखून ठेवावी, पायात साध्या चपला घालाव्यात आणि पुरानी बस्ती गाठावी. पोहे-जिलेबीच्या गाड्या सकाळीच लागतात. चिला किंवा फरा मिळाला तर तो आधी खावा. पोटात काही असले की मुले कुरकुरत नाहीत.

पुरानी बस्तीत महामाया मंदिर आहे आणि तिथून जवळच दूधाधारी मठ. इथल्या महंतांपैकी एक जण फक्त दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. गल्ल्या अरुंद आहेत. काही घरांना अजून लाकडी खांब आहेत, बाकीच्यांची तीन मजली इमारत झालेली आहे. या भागात चालताना एक गोष्ट सारखी जाणवते, ती म्हणजे तळी. रायपूर हे तळ्यांचे गाव. कल्चुरी राजवटीत गाव वसले, तसतशी तळी खणली गेली आणि तळ्याच्या काठाकाठाने वस्ती, म्हणजे इथल्या बोलीत 'पारा', वाढत गेली. इस्तंबूलच्या पोटात सहाव्या शतकातला एक प्रचंड जलमहाल आहे, ३३६ खांबांचा. तो बघायला जगभरचे लोक तिकीट काढून जिना उतरतात. रायपूरचे पाणी उघड्यावर होते, म्हणूनच बहुधा त्याची किंमत कळली नाही. रजबंधा तलाव बुजवून मैदान झाले आणि त्या मैदानावर आज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. आम्हा पत्रकारांची मेजे एका तळ्यावर मांडलेली आहेत, ही गोष्ट आमच्यापैकी फारसे कुणी बातमीत लिहीत नाही.

मराठी माणूस रायपुरात हिंडू लागला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. "भोसल्यांचे इथे काय काय आहे?" प्रश्न चुकीचा नाही. नागपूरच्या भोसल्यांचा सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगडावर चालून आला. नंतर १७५८ पासून १७८७ पर्यंत रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. दरबारात मराठी आणि मोडी आली ती त्यांच्याच काळात. दसऱ्याला एकमेकांच्या हातावर पान ठेवून 'सोने' देण्याची चालही त्यांनीच इथे रुजवली, असे इतिहासकार नोंदवतात. कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्याला हे ऐकून बरे वाटते आणि वाटाड्यालाही ते ओळखता येते. तो इथेच थांबला तर फेरी गोड होते.

पण पुढचे पानही उलटायला हवे. बिंबाजींनंतर नागपूरकरांनी इथे येऊन राहण्याऐवजी सुभेदार पाठवले. वसुली नागपूरला जायची आणि सुभेदार बदलत राहायचे. १७८७ ते १८१८ हा सुभेशाहीचा काळ इथल्या इतिहासात पिळवणुकीचा म्हणून ओळखला जातो. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज या वाटेने गेला. त्याने रायपुरात सुमारे ३,००० झोपड्या असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्याला आपण 'आपले राज्य' म्हणतो, ते इथल्या शेतकऱ्याला दूरच्या धन्याचे राज्य वाटत होते. हे मुलांसमोर सांगावे की नाही? मला विचाराल तर जरूर सांगावे. इस्तंबूलचा चांगला वाटाड्या आया सोफियापुढे उभा राहून चर्च, मशीद, संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद असे चारही टप्पे सांगतो, मग समोरचा पाहुणा कुठल्याही धर्माचा असो. आपल्याला गोड वाटेल तेवढेच सांगणाऱ्या माणसाला वाटाड्या का म्हणावे?

मराठी माणसांची दुसरी लाट राज्य गेल्यावर आली, आणि माझ्या मते तीच इथे जास्त रुजली. इंग्रजांनी १८१८ मध्ये रतनपूरऐवजी रायपूर हे मुख्य ठाणे केले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा केले. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे १९५६ पर्यंत रायपूरचा सारा कारभार तिकडून चाले. कारकून, मास्तर, वकील, वैद्य अशी मंडळी येत राहिली. तात्यापारा या मोहल्ल्याचे नाव ऐकले की वेगळे सांगावे लागत नाही.

या मंडळींतले सर्वांत मोठे नाव माधवराव सप्रे यांचे. जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढले. टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेला. घरात मराठी, पण लेखणी हिंदीची. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये त्यांच्या 'एक टोकरीभर मिट्टी'ची गणना होते. १९२६ मध्ये रायपुरातच ते वारले. बूढातलावाजवळ त्यांच्या नावाची शाळा आहे. रायपूरची मुले तिला नुसती 'सप्रे शाळा' म्हणतात आणि सप्रे कोण होते, हे महाराष्ट्रातल्या मुलांना तर मुळीच ठाऊक नसते.

बूढातलावाच्या काठाला जरा वेळ द्या. त्याचे आजचे नाव विवेकानंद सरोवर. तळ्यात स्वामीजींचा भव्य पुतळा आहे, कारंजी आहेत, रात्री रंगीत दिवेही लागतात. मला स्वतःला ते दिवे रुचत नाहीत, पण लहान मुले खूश होतात हेही खरे. पुतळ्यामागची गोष्ट दिव्यांपेक्षा मोठी आहे. १८७७ मध्ये वकील वडिलांच्या कामामुळे छोटा नरेंद्र घरच्यांसह कलकत्त्याहून इथे आला. रेल्वे नागपूरपर्यंतच होती. तिथून रायपूरपर्यंत जंगलातून बैलगाडी, पंधरवड्याहून अधिक दिवसांचा प्रवास! जवळजवळ दोन वर्षे तो इथे राहिला. बूढापाऱ्यातल्या डे भवनात ते कुटुंब राहत होते, असे मानले जाते. घर भूतनाथ डे यांचे. त्यांचा मुलगा हरिनाथ याच घरात वाढला. पुढे तो चौतीस भाषा शिकला आणि कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला. १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. एका वास्तूशी जोडलेली ही दोन नावे, पण वाटाड्याशिवाय तिच्यासमोरून गेलात तर रस्त्यातल्या इतर घरांसारखेच एक घर दिसते.

सदर बाजारातल्या सोनारांच्या दुकानांवरून, गोलबाजाराच्या कडेने जयस्तंभ चौकात यायचे. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य भुकेल्यांना वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना फाशी दिली गेली. ती याच जागी, असे लोक मानतात. सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी १८५८ ला हनुमानसिंहाने छावणीतल्या सिडवेल या गोऱ्या अधिकाऱ्याला ठार केले. त्याच्या १७ साथीदारांना फासावर चढवले, पण हनुमानसिंह कधीच सापडला नाही. चौकात रहदारी फार असते, तेव्हा ही गोष्ट फुटपाथवर उभे राहूनच ऐका.

ऊन वाढले की महंत घासीदास संग्रहालयात शिरा. ते १८७५चे, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. सिरपूरच्या कांस्यमूर्ती बघायला सगळेच जातात, पण तुम्ही किरारीचा लाकडी खांबही बघा. १९२१ मध्ये दुष्काळाने किरारी गावचे तळे आटले आणि चिखलातून हा खांब वर आला. त्यावर सातवाहनकाळातली अक्षरे होती. उन्हात लाकूड वाळले, तशी वरची सालपटे निघून अक्षरे जवळजवळ सगळी गळून पडली. गावातल्या एका पुरोहिताने तेवढ्यात ती दिसली तशी, अर्थ कळत नसतानाही, कागदावर उतरवून घेतली होती. पुढे विद्वानांनी त्याच नकलेवरून लेख वाचला आणि त्यात राज्यकारभारातल्या अधिकाऱ्यांची पदनामे सापडली.

बरोबर कोण असावे? रायपुरात सासर-माहेर असेल, तर घरातल्या सर्वांत वयस्क मामा-काकांना किंवा आत्याबाईंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. निवृत्त शिक्षक मिळाले तर उत्तमच. त्यांना ताठ चालवू नका, मधे चहाला थांबा. मुलांपैकी कुणाच्या तरी हातात वही द्या. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, तरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चालायला चांगले. मे महिन्यात सकाळी नऊनंतर रायपूरच्या रस्त्यावर पायी निघू नये.