यंत्रांची झुंबड

गेलेली वीज परत आली, की साऱ्या चाळीतली पोरे एका सुरात "आली रे आली!" म्हणून गिल्ला करतात. भिंतीवरचे नव्या तऱ्हेचे वीजमीटर, ज्यांच्या पोटात मोबाईलचे सिम असते, तेही नेमके हेच करतात. त्यांचा गिल्ला टॉवरला तेवढा ऐकू जातो.

वाचकहो, टॉवरशी बोलण्याआधी प्रत्येक यंत्राला परवानगी मागावी लागते. 4जीच्या पद्धतीत त्यासाठी 64 ठरीव संकेत आहेत. त्यांतला मनाला येईल तो उचलावा आणि टॉवरकडे धाडावा. एकाच क्षणी दोघांनी तोच संकेत उचलला, की टक्कर! बहुधा दोघांचीही मागणी वाया. दोघे पुन्हा मागणार, तोवर मागून आणखी शंभर आलेलेच. गंमत अशी, की मीटरचा प्रत्यक्ष निरोप असतो चार आकड्यांचा. पण दारातच चेंगराचेंगरी होते आणि आत घर मोकळे! मोबाईलचे जागतिक नियम ठरविणाऱ्या थ्रीजीपीपीने 2011 च्या अहवालात हिशेब मांडला, की एका टॉवरवर 10 सेकंदांत 30,000 यंत्रे आली तर काय होईल? निम्म्याहून अधिक हात हलवीत परतली. त्याच गर्दीत कुणी डॉक्टरला लावलेला फोनही सापडतो, ही खरी काळजीची बाब.

यावर एक तोड जुनीच आहे. टक्कर झाली तर थांबावे, पण प्रत्येकाने निरनिराळा वेळ. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने 1971 साली सुरू केलेल्या 'अलोहा' या रेडिओजाळ्यात हीच युक्ती होती. दुसरी तोड रेशनच्या रांगेसारखी. प्रत्येक सिमवर 0 ते 9 पैकी एक वर्ग नोंदलेला असतो. गर्दी वाढली की टॉवर पुकारतो, "अमुक वर्गांतल्या सबुरीच्या यंत्रांनी तूर्त येऊ नये." माणसांच्या फोनांना ही बंदी नाही. पोलीस आणि तातडीच्या सेवांसाठी तर 11 ते 15 मध्ये वेगळे वर्गच राखलेले आहेत.

आम्हांला मात्र सर्वांत स्वस्त उपाय कारखान्यातच दिसतो. सगळ्या मीटरांनी ठीक बारालाच आकडे पाठवावेत, असा हुकूम त्यांच्यात भरणारा कारागीर कोण? एकाला 12 वाजून 7 मिनिटे द्या, दुसऱ्याला 12 वाजून 41. आपल्याकडे यंत्रांच्या सिमना 2018 पासून 13 आकडी क्रमांक मिळू लागले. त्याने क्रमांकांची टंचाई मिटते, टॉवरच्या दारातली गर्दी नव्हे.