गॅस संपत नाही, गळतो

मे महिन्यातली दुपार. एका निकाहसाठी आम्ही सोलापूरहून लातूरला निघालो होतो. मागच्या सीटवर आमची अम्मी. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. तुळजापूर ओलांडले आणि एसीतून गरम वारा येऊ लागला. काचा खाली केल्या तर बाहेरून झळा. अम्मी बोलेनाशी झाली. लिंबाखाली गाडी थांबवून तिला पाणी पाजले, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. अर्ध्या तासाने ती "चल बेटा" म्हणाली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

चूक आमचीच होती. वर्षभरात दोनदा गॅस भरून घेतला. तो कमी का झाला, हे एकदाही विचारले नाही. लातूरच्या मेकॅनिकने ते सुनावलेच, "सर, गॅस काय पेट्रोल आहे का जळायला? तो गळतोय!"

वर्गात आम्हीच मुलांना शिकवतो की माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते, ती माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. गाडीच्या एसीचेही तसेच. अनेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. साध्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्याने उष्णता सोडून तो द्रव होतो. पुढे एका बारीक व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. ती वाफ गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेते व कॉम्प्रेसरकडे परतते.

माठात रोज पाणी ओतावे लागते, कारण वाफ उडून जाते. इथे फेरा बंद आहे, वाफ परत येते. वर्षानुवर्षांत किंचित गॅस झिरपतो, पण काही महिन्यांत थंडावा गेला तर गळती आहेच समजा. कॉम्प्रेसरचे तेलही गॅससोबतच फिरते. गळती तशीच राहिली तर कॉम्प्रेसर जाम होतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

आमच्या गाडीत एका जोडाची रबरी रिंग सुकली होती. मेकॅनिकने पाइपांत नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधली, रिंग बदलली, पंपाने आतली हवा व ओल काढली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिले होते तेवढाच गॅस तोलून भरला.

आता आम्ही उन्हाळ्याआधीच एसी तपासून घेतो. ब्लोअरचा फिल्टर बदलतो, कंडेन्सरवरची धूळ हलक्या पाण्याने धुतो, पावसाळ्यात-हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवतो. त्याने तेल फिरते आणि रबर सुकत नाही. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकले तर घाबरू नका, ती हवेतली ओल असते.

गॅरेजमध्ये "गॅस भरा" म्हणण्याआधी "गळती कुठे आहे ते बघा" म्हणा. घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे मागच्या सीटवर आपल्याच भरवशावर बसलेली असतात.