शिशाची जुनी ठेव

शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले आणि विषय संपला, असे आपण मानले. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या मला मात्र ठाऊक आहे, जुनी ठेव कधीतरी वटतेच. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणी बाळासाठी हाडांतले कॅल्शियम सुटते, तेव्हा शिसेही रक्तात उतरते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे जन्मू शकते; मेंदूच्या वाढीलाही धोका असतो. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. पण जुन्या भिंतींचे पोपडे, बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या, भेसळीची हळद? डोहाळजेवणे थाटात होतात. भट्टीशेजारी राहणाऱ्या गरोदर बाईचे रक्त कोण तपासणार?