तंद्री आणि सजगता

कसलेला ढोलकीवादक गाण्याच्या भरात आपल्या बोटांकडे पाहत नाही. लय वाढते, डोळे अर्धवट मिटतात आणि हात जणू स्वतःच्या बुद्धीने चालू लागतात. चित्रकाराचा कुंचला आणि कवीची लेखणीही कधी कधी अशीच चालते. पाहणारा म्हणतो, ‘ही दैवी देणगी आहे.’ दुसरा म्हणतो, ‘याच्या अंगात संचारले आहे.’ या दोन्ही समजुतींची चिकित्सा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

हात आपोआप चालतो तो सरावामुळे. एकच बोल हजारो वेळा वाजवला की तो अंगवळणी पडतो. मग पुढच्या बोटाचा विचार करावा लागत नाही आणि मन अर्थाकडे, श्रोत्यांकडे, नव्या कल्पनेकडे वळायला मोकळे होते. चार्ल्स लिम्ब आणि अ‍ॅलन ब्रॉन या अमेरिकन संशोधकांनी ६ व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे, ते वादन करीत असताना, यंत्राद्वारे चित्रण केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पाठ केलेल्या वादनाच्या तुलनेत उत्स्फूर्त वादनात स्वतःवर पहारा ठेवणारा मेंदूचा भाग शांत झाला आणि आत्माविष्काराशी निगडित भाग अधिक क्रियाशील झाला. मात्र हे सहाही जण मुरलेले वादक होते. ज्याची बोटे तयार आहेत, त्यालाच असा पहारा उठवणे परवडते.

‘दैवी देणगी’ हा शब्द निरुपद्रवी नाही. गावगाड्यात हलगी वाजवणाऱ्या हातांचे कौशल्य पिढ्यानपिढ्यांच्या मेहनतीतून आले होते; तरी त्याला कला न म्हणता जातीचे काम म्हटले गेले. ज्यांना विद्या मोकळी होती, त्यांचे कौशल्य मात्र ईश्वरी कृपा ठरले. दोन्हीकडे कष्ट अदृश्य झाले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचाच बाज घेतला आणि त्यात प्रबोधन भरले. जो ताल जत्रेत माणसाला भान हरपायला लावी, तोच आता त्याला भानावर आणू लागला. वामनदादा कर्डक तर प्रौढ वयात अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. त्याला देणगी म्हणणे म्हणजे त्यांच्या कष्टांचा अवमान होय.

म्हणून तंद्रीचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. एका तंद्रीत माणूस कामात पूर्णपणे उपस्थित असतो. सूर किंचित ढळला तरी त्याचा कान टवकारतो. दुसरीत तो आपला विवेक ठोक्याच्या स्वाधीन करतो. देवीच्या जत्रेत घुमणारी बाई आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे बेभान होणारा तरुण या दुसऱ्या तंद्रीत असतात. १४ एप्रिलच्या आपल्या मिरवणुकाही याला अपवाद राहिलेल्या नाहीत, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. ज्या महामानवाने विचार करायला शिकवले, त्याच्या जयंतीला विचार बंद पाडणारा आवाज शोभत नाही.

तथागतांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. चंक्रमण करताना त्याचे पाय रक्ताळले, तरी मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्याच तारांची आठवण करून दिली: अतिताणलेली तार सुरेल वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. सम्यक प्रयत्न म्हणजे हाच मधला ताण. चांगला कलावंत वाजवताना तोच सांभाळतो.

आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना हा मधला ताण शिकण्याची संधी आहे, कारण त्यांच्याजवळ सकाळ-संध्याकाळचा वेळ आहे. पण दहावीचे वर्ष आले की संगीताचा आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. ‘याच्यात ते मुळातच नाही’ असे एखाद्या मुलाविषयी सहज बोलले जाते. बहुधा त्याच्या हाताला वाद्य मिळालेलेच नसते. पालकांनी तो तास मागून घ्यावा. माजी विद्यार्थ्यांनी कमानीवर नाव कोरण्याऐवजी चार ढोलक्या, दोन हार्मोनियम आणि शिकवणारा एक गुरू द्यावा. रोजचा अर्धा तास पुरेसा आहे. वर्षभरात बोटे आपली वाट शोधतील आणि ती चालत असताना मन जागे कसे ठेवावे, हेही मुले शिकतील.