गव्हाणीतलं गवत



थंडी पडली ना? आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला निम्मी मुलं हात बगलेत घालून उभी असतात. "हात खाली!" म्हणावं, तर माझेच हात पदराखाली! मग कुणाला रागावणार?

थंडी आली की घरोघरी कामं निघतात. गोधड्यांना ऊन दाखवायचं, पेटीतले स्वेटर काढायचे, आणि मागच्या वर्षीचा स्वेटर यंदा आखूड झाला म्हणून आईची बोलणी खायची. आज मी तुम्हाला वसईतल्या एका घराची आणि त्या घरामागच्या वाडीची तयारी सांगणार आहे.

गोष्ट २०१३ सालची. डी.एड. होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. वसईची माझी ओळख एवढीच, की १७३९ साली चिमाजी अप्पांनी तिथला किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. राहायला खोली मिळाली ती एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाकडे. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू. नातू चौथीत, माझ्याच वर्गात. शाळेत तो तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलायचा, पण घरात सगळे कादोडी बोलत. ती तिकडची बोली. पहिले पंधरा दिवस मला निम्मंच कळायचं, उरलेलं मी हसून साजरं करायची!

दिवाळी झाली आणि वाडीतली कामं सुरू झाली. पावसाळ्यात माजलेलं तण काढलं. पाण्याचे पाट साफ केले. वाफे करून मेथी, मुळा, कोथिंबीर पेरली. केळीची वाळकी पानं काढली, घडानं वाकलेल्या केळींना बांबूचा टेकू दिला. मोगऱ्याचं मात्र पाणीच तोडलं!

"बिचाऱ्याला उपाशी का ठेवता?" मी विचारलं.

मुलाचे बाबा हसले. म्हणाले, "उपाशी नाही बाई, विश्रांती देतो. आता छाटायचा. मग नवी फूट येते आणि मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर." घ्या! बाईंनाच धडा मिळाला.

घराचंही तसंच. भिंतींवरचं शेवाळ खरवडलं, चुना दिला, अंगण चोपून सारवलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या वर्षी त्यातला पहिला रविवार १ डिसेंबरला आला. आळीत घराघरावर कामट्यांचे आणि कागदाचे चांदणीच्या आकाराचे कंदील चढू लागले. रात्री सगळी आळी उजळून जायची.

आमच्या घरावर मात्र कंदील नव्हता. त्या घरातले आजोबा ऑगस्ट महिन्यात वारले होते. आजींनी सांगून टाकलं होतं, "यंदा कंदील नाही, गोडधोड नाही." नातू काही बोलला नाही. गृहपाठ करता करता खिडकीतून शेजारचा कंदील बघत बसायचा.

१७ डिसेंबरची संध्याकाळ. तो पाठीमागे काहीतरी लपवून माझ्या खोलीत आला. समोर ठेवलं एक अॅल्युमिनियमचं ताट. त्यात माती, मातीवर पांढरी बुरशी आणि कुबट वास.

"बाई, नाचणी कुजली," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

हळूहळू सगळं कळलं. नाताळात ख्रिस्तजन्माचा देखावा करतात, त्याला गोठा म्हणतात. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवलं, म्हणून हा गोठा. तुम्हाला ठाऊक आहे का, इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली खरीखुरी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून असा देखावा केला होता! म्हणजे या गोष्टीला आठशे वर्षं होऊन गेली. या घरात गोठ्याभोवतीचं हिरवं गवत विकत आणत नसत. आजोबा डिसेंबरात नाचणी पेरायचे आणि तिचे कोवळे कोंब गोठ्यात ठेवायचे.

"आजोबा पेरायचे, मी नुसता बघायचो. त्यांची कधीच कुजली नाही," तो म्हणाला. यंदा त्यानं कुणाला न सांगता नाचणी पेरली होती. खाटेखाली लपवली होती. ती लवकर वाढावी म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालत होता!

नाताळला आठ दिवस राहिलेले. एवढ्या वेळात नाचणी केवढीशी वाढणार? आणि मला एकदम माझी आई आठवली. नवरात्रात आमच्याकडे घट बसतो. घटाभोवतीच्या मातीत आई गहू पेरते आणि नऊ दिवसांत हे एवढाले कोंब येतात. दसऱ्याला आम्ही ते केसांत खोवायचो, बाबा टोपीत.

"आपण गहू पेरू," मी म्हटलं. "गहू भरभर वाढतो."

"पण आजोबा नाचणी पेरायचे."

"हो रे. पण आजोबांना गवत हवं असायचं ना?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "गहू किती भिजवायचे?"

रात्रभर गहू भिजवले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाडीतली माती आणत होतो, तेवढ्यात मागे आजी उभ्या! आता आजी रागावणार, असं मला वाटलं. यंदा काही करायचं नाही असं ठरलं होतं ना! आजींनी ताटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात एक जुना पसरट पत्र्याचा डबा होता.

"हा घ्या. त्यांचा आहे. खाली खिळ्यानं भोकं पाडलीत, पाणी साचत नाही."

मुलांनो, आजोबांची नाचणी का कुजत नव्हती, ते तेव्हा कळलं. भोकांतून जास्तीचं पाणी निघून जायचं आणि मुळांना हवा मिळायची.

"आजी, चालेल ना?" नातवानं भीत भीत विचारलं.

"कंदील पुढच्या वर्षी लावू," आजी म्हणाल्या. "पण बाळाला काय उघड्या जमिनीवर ठेवायचं?"

तिसऱ्या दिवशी मोड वर आले. डबा माझ्या खोलीच्या कोपऱ्यात होता, म्हणून कोंब पिवळे पडले. वनस्पतींचा हिरवा रंग उजेडाशिवाय तयार होत नाही, हे मी वर्गात शिकवते, आणि स्वतःच विसरले! डबा अंगणात ठेवला आणि दोन दिवसांत कोंब हिरवेगार.

२४ तारखेला गोठा मांडला. आजोबांनी केलेलंच छप्पर, त्याच जुन्या मूर्ती आणि भोवती गव्हाचं गवत. गव्हाणी रिकामीच. मध्यरात्रीची मिस्सा संपवून सगळे घरी आले, तेव्हा नातवानं बाळाची मूर्ती तिच्यात ठेवली. आजींनी एकदा गवतावरून हात फिरवला आणि झोपायला गेल्या.

सकाळी दारात शेजारच्या काकू. हातात झाकलेलं ताट, ताटात करंज्या आणि केक. त्यांच्या मागून आणखी एक ताट, मग आणखी एक. ज्या घरात दुःख आहे, तिथे दुसऱ्यांनी गोड पोचवायचं. माझी आजी गेली त्या वर्षी आमच्याकडेही दिवाळीचा फराळ असाच शेजाऱ्यांकडून आला होता. सातारा कुठे आणि वसई कुठे!

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला, गोठा आवरला. गवत? ते शेजारच्या शेळीनं एका मिनिटात फस्त केलं.

आता तुम्ही करून पाहा. एका पसरट डब्याला मोठ्यांकडून खाली भोकं पाडून घ्या. रात्रभर भिजवलेले गहू दोन बोटं मातीच्या थरावर पसरा, वर पातळ माती घाला. दिवसातून एकदा हातानं पाणी शिंपडा, ओतू नका. मोड दिसले की डबा उजेडात ठेवा. नाचणी पेरणार असाल तर आठवडाभर आधीच सुरुवात करा.

आणि आणखी एक काम. या सणाला आपल्या आळीत, आपल्या इमारतीत कुणाच्या घरावर कंदील नाही, ते बघा. आईला सांगा आणि एक ताट घेऊन जा. बोलायला सुचलं नाही तरी चालेल. ताट पुढे करा, बस्स!

गवत किती बोटं वाढलं, ते पत्रानं नक्की कळवा.

तुमच्या,
बाई