आदिनाथची बदली झाली तर?

तुरुंगसुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हटकून आठवतो. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातल्या एका प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी, त्यांना माळरानावर नेऊन शेतीला लावणारा जेलर आदिनाथ, आणि बेडीवाचून त्यांना बांधून ठेवणारे त्याचे डोळे. वर्गात या चित्रपटाची चर्चा सुरू झाली की ‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द लगोलग येतो. माझी तक्रार या शब्दाविषयी आहे.

‘हृदयपरिवर्तन’ म्हटले की सुधारणा हा एक पुण्यवान आणि एक पापी यांच्यातला खाजगी व्यवहार ठरतो. नाट्याला असा व्यवहार मानवतो. सहा माणसांची सद्सद्विवेकबुद्धी एका नजरेत साठवणे ही दिग्दर्शकाची गरज होती आणि ती त्याने समर्थपणे भागवली. परंतु चित्रपटाचे हे वाचन आपण जसेच्या तसे व्यवहारात उतरवतो, तेव्हा ज्या प्रयोगातून तो जन्मला त्याचाच अर्थ हरवतो.

तो प्रयोग म्हणजे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने १९३९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. त्याच वर्षी औंधने नवी राज्यघटना स्वीकारून कारभार प्रजेच्या हाती दिला होता. हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण वाटते. प्रजा स्वतःचा कारभार करू शकते असे ज्याला वाटले, त्यालाच कैदी स्वतःला सांभाळू शकतो हे सुचावे, यात एक तर्कसंगती आहे. इथे दयेपेक्षा नागरिकत्वाची कल्पना मोठी होती.

पुढे संस्थान विलीन झाले, राजे गेले, फ्रीडमन गेले. वसाहत मात्र टिकली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे. तिथे कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून असेच खुले शिबिर चालू आहे. तिथले कैदी सकाळी बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. या माणसांना कोणाचे डोळे रोखून धरतात? त्यांना धरून ठेवते ती पेरलेली जमीन, घरातली मुले, हातातली मजुरी. सुधारणेचे रहस्य असलेच, तर ते इतके साधे आहे.

ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले त्यांना हे सारे अन्यायाचे वाटू शकते, आणि त्यांचे दुःख आपण उपदेशाने झाकू नये. पण खुल्या कारागृहात जाणारा कैदी शिक्षेचा काही भाग भोगून, वर्तन पारखून निवडलेला असतो. आज ना उद्या तो सुटणारच असतो. तो गावात परततो तेव्हा माणसांत राहण्याची सवय घेऊन येतो की विसरून, एवढाच प्रश्न उरतो.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन बंदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. गुन्हा शाबीत झालेल्याला वर्षांनंतर का होईना विश्वासाची जमीन मिळू शकते. ज्याचा गुन्हा ठरायचा आहे तो मात्र बंद बराकीत तारखा मोजतो. कित्येकदा जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. ‘हृदयपरिवर्तना’च्या कथेत या माणसाला भूमिकाच नाही. त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? त्याला हवा आहे वकील, वेळेवर सुनावणी, आणि ऐपतीला झेपेल असा जामीन.

चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. त्याची ताकद अजून ओसरलेली नाही. मात्र पडदा मिटल्यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: आदिनाथ मेला म्हणून अजरामर झाला; त्याची नुसती बदली झाली असती तर त्या सहा जणांचे काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यवस्थेकडे आहे, तिलाच सुधारणा म्हणावे.