दोन पडदे, दोन संगणक

घरांत दोन चुली झाल्या म्हणजे घर मोडलें, असें जुनीं माणसें म्हणत. आमच्या मुकुंदवाडीच्या घरांत चूल अद्याप एकच आहे. परंतु संगणक दोन झाले, आणि त्यांपायीं गेल्या वर्षीं घर मोडण्याची नव्हे, तरी बोलणें बंद होण्याची वेळ खास आली होती.

2020 च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली आणि थोरल्या चिरंजीवांची पुण्याची कचेरी आमच्या गॅलरीकडील खोलींत येऊन बसली. टाळेबंदी उठली, तरी कचेरी पुरती परत गेली नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस ती अजून तेथेंच असते. कंपनीनें दिलेला लॅपटॉप त्यांचा. धाकट्या सूनबाई चार-पांच दुकानदारांचे हिशेब व जी.एस.टी.चीं विवरणपत्रें पाहतात. घरचा मोठा संगणक त्यांचा. टेबल एक, आणि त्यावर चोवीस इंची पडदे दोन. एकावर खातेवही व दुसऱ्यावर विवरणपत्र मांडून काम करण्याची ज्याला संवय लागली, त्याला एक पडदा म्हणजे हात बांधल्यासारखें होतें. म्हणून जो बसे तो दुसऱ्याच्या तारा उपटी आणि आपल्या खोंची.

एका 20 तारखेस काय झालें तें सांगितलेंच पाहिजे. मासिक विवरणपत्राची ती शेवटची तारीख. सायंकाळीं सूनबाई देवाजवळ दिवा लावण्यास उठल्या. तेवढ्यांत थोरल्यांची परदेशच्या मंडळींशीं सभा होती, म्हणून त्यांनीं दोन्ही तारा काढून घेतल्या. सभा दीड तास चालली, मग पानें वाढलीं गेलीं. संगणकांतलें कांहीं पुसलें गेलें नव्हतें. पडद्याची तार काढल्यानें तें पुसलें जातहि नाहीं. परंतु कांहीं वेळ हालचाल दिसली नाहीं म्हणजे सरकारी संकेतस्थळ आपण होऊन दार लावून घेतें. रात्रीं पुन्हां आंत शिरावें, तों तें हलेचना. विवरणपत्र दुसऱ्या दिवशीं गेलें. विलंबशुल्क दिवसाचें 50 रुपये, शिवाय थकलेल्या करावर सालीना शेंकडा 18 प्रमाणें व्याज. रक्कम किरकोळच. ती सूनबाईंनीं आपल्या पाकिटांतून भरली व कोणास कळूं दिलें नाहीं. आम्हांस कळलें तें महिन्याभरानें, त्या दुकानदारानें काम काढून घेतलें तेव्हां. थोरल्यांचें काम तें 'कचेरीचें' आणि सूनबाईंचें तें 'घरबसल्या' केलेलें, असा भेद आमच्याहि मनांत होता, हें येथें कबूल करतों.

मग उपायांची शोधाशोध सुरू झाली. पहिली डबी आम्हींच आणली. ती 'स्प्लिटर' निघाली. स्प्लिटर एका संगणकाचें चित्र दोन पडद्यांवर दाखवितो; दोन संगणकांस एक पडदा आळीपाळीनें देणें हें काम 'स्विच'चें. डब्या दिसण्यांत सख्ख्या बहिणी, पण वाहतूक उलट दिशेची. वाचकांनीं आमच्यासारखें फसूं नये.

थोरल्यांनीं के.व्ही.एम. स्विचची शिफारस केली. कीबोर्ड, व्हिडिओ व माऊस यांचीं हीं आद्याक्षरें. पेटीस दोन्ही संगणक जोडावयाचे; बटण दाबतांच कळफलक, माऊस व पडदे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. घेणारानें तीन गोष्टी पाहाव्या. पेटी दोन पडद्यांची आहे कीं एकाच, हें विचारावें. 4के पडदा असल्यास एच.डी.एम.आय.ची 1.4 ही आवृत्ति घेऊं नये. ती असें चित्र सेकंदास तीसच वेळां बदलते व माऊसचा बाण अडखळत चालतो. 2013 सालची 2.0 आवृत्ति साठ वेळां बदलते. तिसरें असें कीं, पडदा संगणकास सतत आपली ओळख सांगत असतो. स्वस्त पेटी बटण दाबतांच ती ओळख तोडते, आणि संगणक बिचारा पडदा गेला असें समजून मांडलेल्या साऱ्या खिडक्या एका कोंपऱ्यांत ढीग करून ठेवतो. चांगली पेटी ती ओळख स्वतःच सांगत राहते. पहिल्या एम-1 जातीच्या ॲपल लॅपटॉपांस तर बाहेरचा एकच पडदा चालतो. तेथें पेटी काय करणार?

हें सारें ऐकून सूनबाई म्हणाल्या, "भाऊजी, पेटी घेतली तरी दोन्ही पडदे एकदमच फिरणार ना? म्हणजे तारा उपटण्याऐवजीं बटण दाबायचें, एवढाच फरक."

यावर बोलण्यासारखें कोणाजवळ कांहीं नव्हतें. एका माणसाचे दोन संगणक असतील, तर पेटीसारखी सोय नाहीं. पण माणसेंहि दोन असलीं म्हणजे तिचा उपयोग उलटा होतो. बहुतेक पेट्या सर्व कांहीं एकासच देतात.

अखेर पडद्यांच्याच पाठीमागें पाहिलें. प्रत्येकास दोन खांचा होत्या, एक एच.डी.एम.आय.ची व एक डिस्प्ले-पोर्टची. लॅपटॉप दोहोंच्या पहिल्या खांचेंत व मोठा संगणक दोहोंच्या दुसऱ्या खांचेंत, अशा चार तारा कायमच्या जोडल्या. कोणतें चित्र घ्यावयाचें तें पडद्याच्या कडेच्या बटणानें ठरतें. कळफलक व माऊस ज्याचे त्याला. आतां एकटें असतां दोन्ही पडदे घेतां येतात, आणि दोघांचीं कामें एकाच वेळीं आलीं तर एकेक. आमच्या दारावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग कित्येक दशकें एकेरीच होता, तरी समोरासमोरच्या गाड्या चालल्याच; मात्र स्थानकांत बाजूला थांबण्यास दुसरी वाट असावी लागते.

दोष नाहीं असें नव्हे. उजवा पडदा सूनबाईंनीं घेतला तरी लॅपटॉपला तो आपलाच वाटतो, आणि थोरल्यांचें एखादें पत्र न दिसणाऱ्या पडद्यावर उघडून बसतें. त्यांनीं एकदां अर्धा तास शोधलें. विंडोज व पी या कळा एकत्र दाबून पडद्यांची मांडणी बदलली म्हणजे तें सांपडतें.

20 तारखेस उजवा पडदा आतां कोणी मागत नाहीं. थोरले डाव्यावर सभा घेतात. त्या दिवशीं दिवा आम्ही लावतों. काम काढून घेतलेला दुकानदार कांहीं परत आला नाहीं. त्याचें खातें सूनबाईंनीं अजून संगणकांत जपून ठेवलें आहे.